गावाला जाणाऱ्यांची यादी

करोल बागेतली टायपिंगची शिकवणी बंद झाली तेव्हा हेमलता बोरगावकरांनी मालकाकडे एकच गोष्ट मागितली. मशिनांवर घालायची रेक्झिनची झाकणं. मशिनं भंगारवाला सकाळीच घेऊन गेला होता, त्या जागी मोबाइलचं दुकान येणार होतं. चौदा वर्षं पोरापोरींकडून 'ए एस डी एफ' बडवून घेणारी ही बाई जाताना झाकणं मागतेय म्हटल्यावर मालकालाच कसंसं झालं.

"ले जाओ मॅडम. पर करोगी क्या इनका?"

"देखेंगे," हेमलताबाई म्हणाल्या आणि झाकणांची घडी पिशवीत घालून बसमध्ये चढल्या.

ती झाकणं आठ वर्षं लक्ष्मीबाई नगरातल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरच्या माळ्यावर पडून होती. मग २००६ उजाडलं. त्यांची लेक चेतना गुडगावात एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागली होती. रोज सकाळी कंपनीची पांढरी गाडी तिला दारातून उचलायची, आणि हेमलताबाई ते दृश्य असं बघायच्या की जणू विमानच दाराशी आलंय. एका शनिवारी त्याच गाडीतून चार जुने कॉम्प्युटर उतरले.

"आई, कंपनी बदलतेय. फेकणारच होते. तुला खेळायला."

"खेळायला काय? शिकवायला!"

झाकणं मॉनिटरला आखूड पडली. चारही कॉम्प्युटर डोक्यावर टोपी घातल्यासारखे दिसायला लागले. पण झाकणं घातलीच.

जागा मराठी मंडळाची. समाजसदनातली मागची खोली, जिथे गणपतीच्या मखराचा थर्मोकोल आणि एकांकिकांच्या दाढ्यामिशा ठेवायचे. किल्ली मंडळाचे सचिव अण्णासाहेब थिटे यांच्याकडे. अण्णासाहेब मंत्रालयात अवर सचिव होते आणि घरी आल्यावरही ते पद काढून खुंटीला टांगत नसत. भाजीवाल्याने जुडी बारीक दिली तरी ते त्याला "कारण नमूद करा" अशा नजरेने बघत.

"वहिनी, हे इंटरनेट म्हणजे मुलांना बिघडवायचं यंत्र आहे," ते म्हणाले. "सरोजिनी नगरच्या त्या कॅफेत पडदे लावून बसतात पोरं."

"म्हणून तर म्हणते, अण्णासाहेब. तिथे पडद्याआड बसणार, त्यापेक्षा इथे माझ्यासमोर बसू देत. हात कुठे ठेवायचा ते मी शिकवते आणि डोकं कुठे ठेवायचं तेही शिकवते."

अण्णासाहेबांनी विचार केला. मग खिशातून पेन काढलं, कारण विचार कागदावर उतरल्याशिवाय त्यांना तो झाल्यासारखा वाटत नसे. "ठीक. दर रविवारी दहा ते बारा. पण अट एक. वर्गाबद्दल एक जरी लेखी तक्रार आली, तर वर्ग बंद आणि किल्ली परत."

"लेखीच का?"

"तोंडी तक्रारींवर निर्णय घेतला असता, तर आत्तापर्यंत हे मंडळच बंद झालं असतं."

किल्ली हातात पडली तेव्हा हेमलताबाईंनी ती पदराच्या टोकाला बांधली. कोणी पदराला किल्ली बांधावी असा तो काळ नव्हता, आणि त्या स्वतः तर सलवार-कमीज घालून बाजारात जात. पण रविवारी साडी, आणि साडीच्या टोकाला ती किल्ली. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्या पुन्हा कुणाच्या तरी बाई झाल्या होत्या.

'बाई' मात्र त्यांना कोणी म्हणेना. दिल्लीत वाढलेली पोरं! शाळेत 'मॅम', कॉलनीत 'काकू'. दोन्हींची सांगड घालून सगळ्यांनी त्यांना 'काकू-मॅम' करून टाकलं.

वर्गात बारा मुलं. त्यांत तिघं पुढची. अर्पिता, आठवीतली, शांत, एकदा ऐकलेलं न विसरणारी. पृथ्वीराज, सुभेदारांचा मुलगा, रविवारी बसने कॅन्टोन्मेंटमधून यायचा आणि कॉम्प्युटरसमोर बसतानाही आधी सावधान व्हायचा. आणि कौस्तुभ. कौस्तुभबद्दल एवढंच सांगितलं तरी पुरे, की त्याच्या आईने पहिल्या दिवशी हेमलताबाईंचे हात हातात घेऊन "सॉरी" म्हटलं होतं.

पहिला तास टायपिंग, दुसरा तास 'वागणूक'. त्या वर्षी सगळी शाळा ऑर्कुटवर उतरली होती. मुलं एकमेकांना स्क्रॅप, म्हणजे निरोप, टाकत, अनोळखी लोकांना मित्र करत, आणि किती मित्र झाले ते पतंग कापल्यासारखे मोजत. हेमलताबाईंना भाषण देणं जमत नसे, म्हणून त्या नाटक बसवायच्या. खोलीत दाढ्यामिशा होत्याच.

"आज कौस्तुभ अनोळखी माणूस. मिशी लाव. अर्पिता कॉम्प्युटरवर. तो गोड बोलून तुझी माहिती काढणार, तू द्यायची नाही."

"हाय!" कौस्तुभ मिशी सावरत म्हणायचा. "मैं भी आठवी में हूँ. तू कुठल्या स्कूलची?"

"आठवीत मिशी?" मागून कोणीतरी ओरडायचं, आणि तास दोन मिनिटं हसण्यात जायचा.

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ कायमची लिहिलेली. ती पुसायला बंदी होती: 'गडबड झाली की लपवायची नाही. त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं.'

"आणि मोठं माणूस ओरडलं तर?" अर्पिताने एकदा विचारलं होतं.

"ओरडेल. पाच मिनिटं ओरडेल. लपवलेलं पाच महिने पोटात दुखतं."

मे महिना आला, शाळांना सुट्ट्या लागल्या आणि लक्ष्मीबाई नगरातली मराठी घरं एकामागून एक रिकामी व्हायला लागली. एलटीसीची रजा मंजूर झाली की पुणे, नागपूर, सांगली, नांदेड. मंडळाच्या फलकावर दरवर्षीप्रमाणे 'गावाला जाणाऱ्यांची यादी' लागली. या यादीवर अख्ख्या कॉलनीचा संसार चालायचा. नाव, क्वार्टर नंबर, गाडी, जायची तारीख, यायची तारीख. जो पुण्याला जाणार त्याच्याबरोबर कुणी आईसाठी राजमा पाठवायचं, परत येताना त्याच्याकडून गोडा मसाला आणि मेतकूट यायचं. शेवटचा रकाना 'किल्ली कोठे' असा, कारण मागच्या गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायला आणि परतीच्या दिवशी घरात दूध नि पोळीभाजी ठेवायला शेजारणीला आत जावं लागे. कितीतरी वर्षं ही यादी त्या फलकावर लागत होती आणि कधी चमचासुद्धा हलला नव्हता.

त्याच सुमारास वर्गाने मंडळासाठी इंटरनेटवर एक पान बनवायला घेतलं. फुकटात पान बनवून देणारी एक साइट पृथ्वीराजने शोधली होती. मराठी अक्षरं उमटत नव्हती, म्हणून सगळं इंग्रजी लिपीतलं मराठी. वर गणपतीचा फोटो, खाली किती लोकांनी पान पाहिलं ते मोजणारा आकडा.

"काकू-मॅम, आत काय टाकायचं?" मुलांनी एका संध्याकाळी त्यांच्या घरी येऊन विचारलं.

हेमलताबाईंनी कौतुकाने, घाईत आणि कुकरच्या शिट्टीकडे अर्धा कान ठेवून उत्तर दिलं, "फलकावर जे जे आहे ते सगळं चढवा."

मुलांनी चढवलं.

पुढच्या रविवारी पुन्हा अनोळखी माणसाचं नाटक. कौस्तुभ त्या दिवशी इरेला पेटला होता. त्याने शाळा विचारली, क्रिकेट विचारलं, कुत्र्याचं नाव विचारलं. अर्पिता ढिम्म.

"बरं, फक्त ब्लॉक सांग. प्लीज यार."

"नाही."

"वाढदिवस?"

"नाही."

वर्ग टाळ्या वाजवायला लागला. हेमलताबाई खूश. कौस्तुभने मिशी उपटली आणि टेबलावर आपटली.

"हिला विचारायचंच कशाला? मला नको हिची माहिती. माझ्याकडे आहे!" त्याने आपल्या कॉम्प्युटरवर मंडळाचं पान उघडलं आणि रेडिओवरच्या बातमीदाराच्या आवाजात वाचायला लागला. "डी ब्लॉक, त्रेचाळीस. कुसुमावती घोरपडे आणि परिवार. अठ्ठावीस मेपर्यंत घरी कोणी नाही. किल्ली..." तो दम घ्यायला थांबला. "किल्ली, दुधाच्या पेटीमागे."

कोणीच हसलं नाही. कौस्तुभचाही आवाज पुढे बातमीदाराचा राहिला नाही.

"काकू-मॅम," तो हळूच म्हणाला, "हे... हे तर कोणीपण वाचू शकतं ना?"

हेमलताबाई खुर्चीवर बसल्या. खुर्चीवर गणपतीचा थर्मोकोलचा उंदीर होता, तो मोडला. इतके महिने त्या शिकवत होत्या की आपलं नाव देऊ नका, आपला पत्ता देऊ नका, आपला फोटो देऊ नका. मुलांनी अक्षरशः पाळलं होतं. आपलं काहीच दिलं नव्हतं. अकरा शेजाऱ्यांचं दिलं होतं, तेही त्यांच्याच सांगण्यावरून.

"पृथ्वीराज, पान काढ. आत्ता."

"येस, काकू-मॅम." दोन मिनिटांत पान गेलं. "मिशन पूर्ण."

"किती जणांनी पाहिलं होतं?"

"दोनशे बारा."

"देवा!"

"नाही नाही, काकू-मॅम," कौस्तुभने हात वर केला, "त्यातल्या शंभर वेळा मीच. आकडा वाढावा म्हणून रोज रिफ्रेश करत होतो."

"आणि उरलेले एकशे बारा?"

कौस्तुभचा हात खाली आला. मग कौस्तुभच म्हणाला, खरं तर सगळ्यांच्या मनातलं, "पण आता काढलं ना? बात खतम. अण्णासाहेबांना कळलं तर वर्ग बंद होईल. कोणाला सांगायची गरजच काय?"

हेमलताबाईंना ते ऐकून एक क्षण फार बरं वाटलं. खरंच, गरजच काय? दहा दिवसांत लोक परत येतील. बोटं पदराच्या टोकाशी गेली, किल्ली चाचपत. ही खोली, ही टोप्या घातलेली मशिनं, रविवारचे दोन तास. पुन्हा सगळी झाकणं घडी करून माळ्यावर?

अर्पिता फळ्याकडे बघत होती. वरच्या कोपऱ्याकडे.

"काकू-मॅम," तिने विचारलं, अगदी साधेपणाने, "तुमच्यासाठी मोठं माणूस कोण?"

*

मोठं माणूस बनियनवर होतं आणि कूलरला वाळ्याची नवी खस बांधत होतं. सुमित्राबाई, म्हणजे अण्णासाहेबांच्या पत्नी, सुतळी धरून उभ्या होत्या. हेमलताबाई एका दमात सगळं बोलल्या. एकही वाक्य गाळलं नाही. 'कुकरची शिट्टी' सुद्धा सांगितली.

अण्णासाहेबांचा चेहरा आधी खसेसारखा कोरडा पडला, मग लाल झाला.

"अकरा घरं, वहिनी! किल्लीसकट! मी म्हटलं होतं की नाही, हे यंत्र..."

"यंत्राने नाही केलं. मी केलं."

पाच मिनिटं ओरडेल असं हेमलताबाई मुलांना सांगत. अण्णासाहेब सात मिनिटं ओरडले. मग सुमित्राबाई म्हणाल्या, "आता ओरडून झालं असेल तर किल्ल्या उचला आधी. दुधाच्या पेटीमागे अजून तशीच असेल ती."

अण्णासाहेब चपला घालता घालता थांबले. "आणि वर्गाचं..."

"तुमची अट मला माहीत आहे," हेमलताबाई म्हणाल्या आणि पिशवीतून कागद काढला. टाइप केलेला, समास सोडून. "लेखी तक्रार आणलीय."

अण्णासाहेबांनी चष्मा लावून वाचला. दोनदा वाचला.

"अर्जदार, हेमलता बोरगावकर. तक्रार कोणाविरुद्ध, हेमलता बोरगावकर." त्यांनी वर पाहिलं. "वहिनी, अर्जदार आणि आरोपी एकच? असा प्रकार नियमात बसत नाही."

"मग?"

"मग ज्यांचं घर, त्यांची तक्रार. अकरा जण परत आले की त्यांना विचारू. कोणी एकाने लिहून दिलं, की वर्ग बंद. तोपर्यंत," त्यांनी हात पुढे केला, "किल्ली."

पदराची गाठ सुटायला वेळ लागला. घाईत ती जास्तच आवळली गेली होती.

त्या दुपारी अकराही घरांच्या किल्ल्या सुमित्राबाईंच्या लोखंडी कपाटात गेल्या आणि अण्णासाहेबांनी गावोगावी फोन लावून सगळ्यांना स्वतः कळवलं. पण रिकामी घरं रिकामीच दिसत होती. तिथे पृथ्वीराज पुढे आला. त्याने वहीचं पान फाडून ड्यूटी चार्ट बनवला.

"शत्रूला वाटलं पाहिजे, पोस्टवर जवान आहेत," तो म्हणाला.

"कोण शत्रू?" कौस्तुभने विचारलं.

"ते एकशे बारा."

आणि मग लक्ष्मीबाई नगरात दहा दिवस एक मोठं नाटक चाललं. पात्रं नसलेल्या घरांमध्ये पात्रं आहेत असं दाखवायचं. अर्पिता सकाळी अकरा दारांत रांगोळी काढायची. कोणी वर्तमानपत्रं उचलायचं, कोणी सुमित्राबाईंकडून किल्ली घेऊन आत रेडिओ लावायचं. कौस्तुभ रिकाम्या घरात उभा राहून मोठ्याने भांडायचा, दोन्ही बाजूंनी: "अहो, टॉवेल कुठे टाकलात?" "मला काय विचारतेस?" रस्त्यावरचा इस्त्रीवाला एकदा हेमलताबाईंना म्हणाला, "डी-तैंतालीस वालों की तो बड़ी लड़ाई चल रही है, जी." दोरीवर वाळत घालायला कपडे हवेत म्हणून हेमलताबाईंनी घरोघरी फिरून जमवले, आणि कुसुमावतीबाईंच्या गॅलरीत इतर कपड्यांबरोबर अण्णासाहेबांचे दोन बनियनही फडकायला लागले. अण्णासाहेबांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून तिसरा पाठवला.

लोक परतायला लागले. गाड्या सकाळी यायच्या आणि हेमलताबाई प्रत्येक दारात, सामान उघडायच्या आत, जाऊन उभ्या राहायच्या. फोनवर कळलेलं असलं तरी तोंडाने सांगायला. कोणी हसलं. कोणी "अरे, घडतं हो" म्हणून हातावर पेढा ठेवला. प्रभा साळुंखे मात्र हसली नाही. तिचा नवरा बदलीवर गुवाहाटीला, घरात ती आणि दोन मुली.

"मी एकटी असते हे तुम्हाला माहीत होतं, हेमाताई," ती म्हणाली.

"होतं."

"मी उद्या कुलूप बदलतेय." प्रभा दाराला धरून उभी राहिली. मग बाजूला सरकून म्हणाली, "तुम्ही आला नसतात तर बदललं नसतं. बसा. चहा टाकते." चहा झाला, पण नेहमीसारख्या गप्पा झाल्या नाहीत, आणि त्या झाल्या नाहीत हे हेमलताबाईंनी मुकाट्याने घरी नेलं.

दहा घरं झाली. कोणाचंच काही हरवलं नव्हतं, कोणी लिहून दिलं नव्हतं. अकरावं घर कुसुमावतीबाईंचं. त्यांच्यासमोरही हेमलताबाईंनी सगळं सांगितलं. कुसुमावतीबाईंनी शांतपणे ऐकलं, आत गेल्या, गॅलरीतून एक किंकाळी आली, आणि संध्याकाळी अण्णासाहेबांच्या दारात चार घडीचा कागद आला.

लेखी तक्रार.

रविवारी मंडळाची सभा. हेमलताबाई साडी नेसून आल्या. झाकणांसाठी पिशवीही आणली होती. बारा मुलं भिंतीला टेकून उभी. अण्णासाहेबांनी घसा साफ केला आणि कागद उघडला.

"'विषय: तुळस,'" त्यांनी वाचलं, आणि थबकले. "'महोदय, माझ्या सासूबाईंनी कोल्हापूरहून आणलेली तुळस अति पाणी घातल्यामुळे कुजली आहे. चौकशीअंती समजले, की तीन मुलं आपापल्या ड्यूटीनुसार दिवसातून तीन-तीन वेळा पाणी घालत होती.'"

पृथ्वीराज जागच्या जागी सावधान झाला.

"'दोन: आम्ही उभयता गावी असताना आमच्या दोरीवर परपुरुषाचे तीन बनियन वाळत असल्याचे शेजारणी मला हसत हसत सांगत आहेत. ते कोणाचे, याचा खुलासा व्हावा.'"

अण्णासाहेबांनी कागद हळूच खाली केला. सुमित्राबाईंनी पदर तोंडाला लावला होता. हॉलमध्ये कोणीतरी फुटलं, आणि मग सगळा हॉल.

"शांतता!" अण्णासाहेबांनी टेबलावर पेन आपटलं. "दुसऱ्या मुद्द्याचा खुलासा सचिव... खाजगीत करतील. कुसुमावतीबाई, इंटरनेटबद्दल तुमची काही तक्रार?"

"ती कशाला?" कुसुमावतीबाई म्हणाल्या. "ते तिने येऊन सांगितलं की मला. तुळशीचं कोणी सांगितलं?"

अण्णासाहेबांनी कागदावर शेरा मारला आणि मोठ्याने वाचून दाखवला. "तक्रार बागकामाविषयी आहे. कॉम्प्युटर वर्गाशी संबंध नाही. नवी तुळस वर्गाने आणून द्यावी. यादी यापुढे फलकावर नाही, सुमित्राच्या कपाटात." मग त्यांनी खिशात हात घातला आणि किल्ली टेबलावर ठेवली. टक्क आवाज आला.

हेमलताबाईंनी ती उचलली. या वेळी गाठ सैल मारली.

पुढच्या रविवारी फळ्याच्या कोपऱ्यात दुसरी ओळ आली होती, अर्पिताच्या अक्षरात: 'दुसऱ्याचं असेल तर आधी त्याला विचारायचं.' नवीन पान बनत होतं. वर गणपती होता, आकडा नव्हता. कौस्तुभने फार विनवण्या केल्या, तरी नव्हता. साडेदहाला दारात अण्णासाहेब. हातात एक फोटो, मंडळाच्या वर्धापनदिनाचा. ते स्वतः हार घालून, शेजारी सुमित्राबाई.

"हा पानावर घ्या," ते म्हणाले. "वर. गणपतीच्या खाली चालेल."

अर्पिताने फोटो हातात घेतला, नीट बघितला. "काकूंना विचारलं?"

"अगं, ती माझी बायको आहे."

अर्पिताने नुसतं फळ्याकडे बघितलं. अण्णासाहेबांनीही बघितलं. मदतीसाठी ते हेमलताबाईंकडे वळले, पण त्या मॉनिटरची टोपी सरळ करण्यात गर्क होत्या.

अवर सचिव उन्हातून घरी गेले. पंधरा मिनिटांनी घाम पुसत परत आले.

"नाही म्हणाली," ते म्हणाले. "त्या साडीत नाही म्हणे."

"अण्णासाहेब, मी आहे ना!" कौस्तुभ खुर्ची फिरवत म्हणाला. "फोटोतून काकूंना कापून टाकता येतं. दोन मिनिटं."

अण्णासाहेबांचा चेहरा उजळला. मग त्यांनी फळ्यावरची ओळ पुन्हा एकदा वाचली, सावकाश, एखादा शासननिर्णय वाचावा तशी, आणि सुस्कारा सोडून पुन्हा चपला घातल्या.